उंच माणसाची पहिली क्रूझर: सीटची उंची सोडा, गुडघे बघा

माझी उंची सहा फूट दोन इंच. रत्नागिरीच्या बाजूला राहतो, आणि दाराची चौकट, एसटीची सीट आणि पडवीचा वासा ह्या तिघांशी माझं लहानपणापासून वैर आहे. म्हणून क्रूझर मोटरसायकल घ्यायची ठरली तेव्हा वाटलं, चला एक तरी वस्तू आपल्या मापाची मिळणार, लांबलचक गाडी, पाय पुढे टाकून निवांत बसायचं, अजून काय पाहिजे. मित्राची एक बॉबर स्टाइलची, म्हणजे बुटकी, छाटलेली गाडी दोन दिवस मागून आणली आणि कुडाळला मामाकडे गेलो. मामा खळ्यातच उभा होता, मला येताना बघितलं आणि ‘ये, बस’ म्हणायच्या आधी म्हणतो, ‘अरे, तुझे गुडघे कानाक लागतत मरे!’

मी हसलो, पण उतरलो तेव्हा कंबर सरळ व्हायला पाच मिनिटं लागली. दीडशेच्या आसपास किलोमीटरमध्ये माकडहाडाची पार वाट लागली होती. गाडी वाईट नव्हती, माझ्या मापाची नव्हती एवढंच. त्यानंतर स्वतःची घेईपर्यंत जे बघितलं, मोजलं, लोकांच्या गाड्यांवर बसून पाहिलं ते सगळं इथे सांगतोय, कारण उंच पोरं दरवेळी तीच चूक करतात जी मी करणार होतो.

चूक ही की आपण ब्रोशरमध्ये सीट हाइट बघतो. हा आकडा मुळात कमी उंचीच्या माणसाच्या कामाचा, त्याचे पाय जमिनीला टेकतील की नाही ते कळायला. आपले पाय कुठल्याही क्रूझरवर टेकतातच, वर गुडघे वाकवून टेकतात. आपल्याला लागतं ते दुसरंच माप, बसायच्या जागेपासून फुटपेगपर्यंतचं, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीपर्यंतचं अंतर, आणि ते कुठल्याही ब्रोशरमध्ये छापत नाहीत. सीट खाली आणि पेग बुडाखालीच असेल तर लांब पाय जाणार कुठे? वरच येणार. आणि एकदा गुडघा कमरेच्या वर गेला की मांड्या सीटवरून उचलल्या जातात, सगळं वजन येतं मागच्या त्या छोट्याशा हाडावर.

सीट खाली असूनही पेग बऱ्यापैकी पुढे असतील तर मग गंमत आहे, पाय पुढे पसरतात आणि लांबी खपून जाते. क्रूझरचं आकर्षण तेच. पण त्याचा तोटा आपल्या कोकणात दोन दिवसांत कळतो. पाय फार पुढे असले की खड्डा आला तरी पेगवर उभं राहता येत नाही, कारण उभं राहायला पाय शरीराच्या खाली लागतात. सायकलवर सुद्धा खड्डा दिसला की आपण आपोआप बूड उचलतो ना, तेच इथे बंद. मग गावागावातले स्पीडब्रेकर, सागरी मार्गाचे उखडलेले पट्टे, हायवेच्या कामाची डायव्हर्जन, हे सगळं थेट मणक्यात. बाहेरच्या देशातले लोक सरळसोट रस्त्यावर तासन्‌तास पाय पसरून जातात त्यांचं ठीक आहे, आपल्याकडे हातखंब्यावरून निघून लांजा येईस्तोवर दहा वेळा बूड उचलावं लागतं.

म्हणून माझं मत सरळ आहे, उंच माणसाने कोकणात पहिली गाडी घेताना पेग थोडे पुढे असलेली बघावी, खूप पुढे नाही आणि बुडाखाली तर नाहीच नाही. थोडे पुढे म्हणजे किती ते प्रत्येकाच्या मांडीच्या लांबीवर आहे, आणि ते मोजायचं कसं ते आता सांगतो.

घरी आधी स्वतःचं माप घ्या. चप्पल काढून भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये पार वरपर्यंत घट्ट धरायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेची भिंतीवर पेन्सिलने खूण आणि खुणेपासून जमिनीपर्यंत टेप. हे तुमचं पायाचं माप. माझं ८७ सेंमी आलं. सारख्याच उंचीच्या दोन माणसांचं हे माप वेगळं येऊ शकतं, माझा चुलतभाऊ माझ्याहून इंचभर उंच आहे पण सगळी उंची धडात, मला अडचणीची होणारी गाडी त्याला आरामात बसते आणि वर त्याचं डोकं विंडस्क्रीनच्या किती तरी वर जातं, त्याचे प्रश्न वेगळे. म्हणून ‘सहा फूट वाल्यांना ही गाडी चालते’ असं कोणी सांगितलं तर त्याचे पाय लांब की धड लांब ते आधी विचारा.

मग ज्या खुर्चीवर किंवा जुन्या गाडीवर तुम्ही तासभर न कुरकुरता बसता तिच्यावर सीटपासून पाय टेकतो तिथपर्यंतचं अंतर मोजा. शोरूममध्ये टेप घेऊन जा, लाजू नका. सीटचा जो खोलगट भाग आहे तिथून पेगच्या वरच्या बाजूपर्यंत तिरकी टेप धरायची. खुर्चीवर घेतलेल्या मापापेक्षा हे बरंच कमी भरलं तर ती गाडी कितीही देखणी असो, तुम्हाला छळणार.

दुसरं, मोबाइलवर बाजूने फोटो काढून घ्या. गाडी स्टँडवर नको, कोणीतरी सरळ धरलेली, तुम्ही दोन्ही पाय पेगवर ठेवून नेहमीसारखे बसलेले. आरशात बघून कळत नाही, फोटोत लगेच कळतं. गुडघा कमरेच्या रेषेत किंवा खाली पाहिजे, कोपर किंचित वाकलेलं, खांदे कानाकडे चढलेले नसावेत. माझ्या त्या बॉबरवरच्या फोटोत मी टोळासारखा दिसतो.

आता गाड्यांकडे येऊ. आकडे मिलिमीटरमध्ये सांगतो कारण कंपन्या तसेच देतात. रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५० नोव्हेंबर २०२० मध्ये आली, सीट ७६५ मिमी, वजन १९१ किलो, चाकांमधलं अंतर १४०० मिमी, ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते १७०. पेग किंचित पुढे, फार नाहीत. वर म्हटलं तसं मला जे मधलं पाहिजे होतं ते हिच्यात आहे, हील-टो गिअर लिव्हर (एक टोक चवड्याने, एक टाचेने दाबायचं) असल्यामुळे मोठ्या पायाच्या माणसाला बुटाचं टोक लिव्हरखाली कोंबावं लागत नाही. पावसात जाड गमबूट घालून गिअर टाकून बघा मग कळेल मी काय म्हणतोय. वीस बीएचपी आहे, हायवेला कोणाला मागे टाकायला जाऊ नका, पण ८० च्या आसपास निवांत जाते.

हिच्या वरची सुपर मीटिऑर ६५०, जानेवारी २०२३ मध्ये किंमत जाहीर झाली. सीट ७४० मिमी, पण पेग चांगलेच पुढे आहेत त्यामुळे उंच माणूस हिच्यावर खरोखर शोभून दिसतो, चाकांमधलं अंतर १५०० मिमी, इंजिन ६४८ सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं. शोरूमच्या फरशीवर बसलात की पैसे काढून द्यावेसे वाटतात. आता उरलेलं ऐका, वजन २४१ किलो आणि ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी. पहिली गाडी म्हणून २४१ किलो म्हणजे काय ते जुलैमध्ये घराच्या उताराला, चिऱ्यावर शेवाळं धरलेलं असताना, गाडी रिव्हर्स घेताना समजतं. उंचीचा इथे फायदा आहे, दोन्ही तळवे पूर्ण टेकतात आणि मांडीत जोर असतो, पण शेवाळ्यावर तळवा पूर्ण टेकला तरी घसरतोच. ज्याचं घर सडकेला लागून आहे आणि अंगण सपाट आहे त्याने खुशाल विचार करावा. ज्याच्या घरी पाखाडीने, पायऱ्यांच्या वाटेने जायचंय त्याने गाडी खालीच ठेवायची तयारी ठेवावी.

बजाज अॅव्हेंजर क्रूझ २२० ला लोक हसतात, मी हसत नाही. वजन १६३ किलो, सीट ७३७, पेग पुढे, उंच विंडस्क्रीन, चाकांमधलं अंतर १४९० म्हणजे लांबीला जवळपास सुपर मीटिऑरएवढी. पाय मस्त पसरतात. फक्त हँडल मागे आलेलं आहे, लांब हाताच्या माणसाची कोपरं मागे जातात, ते बसून बघा. आणि हिची चाकं तारांची म्हणजे ट्यूबवाले टायर, एखाद्या सड्यावर जिथे मैलभर घर नाही तिथे पंक्चर झालं की ट्यूबलेसवाल्यासारखी दोरी खुपसून हवा भरता येत नाही, चाकच काढावं लागतं.

होंडाची रेबेल ५०० जगभर प्रसिद्ध आहे, पण सीट फक्त ६९० मिमी आणि पेग मध्ये. कमी उंचीच्या माणसाला वरदान, तुम्ही आम्ही बसलो तर तिचाकी सायकलवर काका बसल्यासारखं. कावासाकीची एलिमिनेटर ७३५ ची, वजनाला मात्र हलकी, १७६ किलो, पैसे असतील तर बसून बघा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, उंच माणसाला कधी कधी क्रूझर नसलेलीच गाडी जास्त क्रूझरसारखी बसते. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची सीट ८०५ मिमी, होंडा हायनेस सीबी ३५० ची ८००, हार्ले एक्स ४४० ची ८०५. सीट चार सेंमी वर गेली की पेग मध्ये असूनही गुडघ्याला जागा मिळते, आणि खड्ड्यात उभंही राहता येतं. तुम्हाला गाडीचा आवाज, ठेका, निवांतपणा हवाय की ते पसरलेलं चित्र हवंय हे स्वतःला एकदा विचारा. चित्रच हवं असेल तर तसं कबूल करा, माझंही तेच होतं.

पैशाचं एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्याच्या वरच्यांवर ४० टक्के. म्हणजे ३४९ सीसीची आणि ४४० सीसीची, कागदावर जवळ दिसणाऱ्या दोन गाड्या, करात लांब गेल्या. जुने रिव्ह्यू बघून बजेट काढू नका.

टेस्ट राइड. इथे सगळे फसतात. शोरूमवाला सोबत पोरगा देतो, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर, परत. त्यात मला एक गोष्ट कळली, की हॉर्न वाजतो. तुम्ही हट्ट करा. पहिलं, अरुंद जागेत पूर्ण हँडल वळवून यू टर्न मारायचा, दोन्ही बाजूंना. उंच माणसाचा गुडघा वळताना हँडलला किंवा टाकीच्या कडेला आपटतो, आणि हे नेमकं तेव्हाच होतं जेव्हा वाडीतल्या गडग्याच्या मध्ये एसटी समोर आलेली असते. गुडघा बाहेर काढून वळवावं लागत असेल तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. दुसरं, स्पीडब्रेकरवरून बसून जा आणि मग उभं राहायचा प्रयत्न करून जा. तिसरं, चढाला थांबवा, उताराला तोंड करून थांबवा, पायाने मागे ढकला. चौथं, मागे कोणाला तरी बसवा, आणि हे महत्त्वाचं आहे कारण आपण उंच लोक सीटवर मागे सरकतो. क्रूझरची सीट दोन भागांत असते, मधली पायरी कमरेला लागली की मागे जायला जागाच नाही, आणि पायरी नसेल तर आपण मागच्याची जागा खातो. बायको किंवा आई मागे बसणार असेल तर त्यांनाच न्या शोरूमला, त्यांचं मत पहिल्या स्पीडब्रेकरला कळेल.

पण खरी परीक्षा दोन किलोमीटरमध्ये होतच नाही, दुखायला निदान तासभर लागतो. ह्याला कोकणातल्या माणसाकडे सोपा उपाय आहे, गोवा. सकाळी रेल्वेने थिवीला किंवा मडगावला उतरा, काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी घ्या, तुमच्या यादीतलं जे मॉडेल मिळेल ते, आणि दिवसभर चालवा. एका दिवसाचं भाडं जातं, पण दोन-अडीच लाखांची चूक वाचते. मी असंच एक मॉडेल यादीतून उडवलं, दुपारी जेवायला उतरलो तेव्हाच ठरलं. भाड्याच्या गाडीचं सस्पेन्शन, क्लच घासलेलं असतं त्याचा राग मॉडेलवर काढू नका, फक्त तुमचे गुडघे, कंबर आणि मनगटं काय म्हणतात ते ऐका.

घाटाबद्दल. आंबा, कुंभार्ली, आंबोली, कुठलाही घ्या, तीव्र वळणावर क्रूझर झुकली की पेग रस्त्याला घासतो. घाबरायचं नसतं, पेग वर दुमडतो, तो इशाराच असतो, पण पहिल्यांदा तो खर्रर्र आवाज आला की नवखा माणूस दचकून हँडल सरळ करतो आणि समोरच्या लेनमध्ये जातो. चाकांमधलं अंतर लांब असलेली गाडी वळायला आळशी असते हे धरूनच वळणाच्या आधी वेग कमी करायचा. आणि उंच माणूस बहुतेक वजनानेही जास्त असतो, त्यामुळे मागचं सस्पेन्शन बसतं, गाडी अजून खाली जाते, पेग अजून लवकर घासतो. ह्यावर उपाय फुकट आहे. मागच्या शॉकअपला खाली प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याची रिंग असते, तिच्या पायऱ्या असतात, दोन्ही बाजूंना सारख्या एक-दोन पायऱ्या कडक करून घ्यायच्या. किती तरी लोक पाच वर्षं गाडी चालवतात आणि ही रिंग हलवत नाहीत.

बुटक्या आणि लांब गाडीचं अजून एक दुखणं फेरीबोटीला कळतं. दाभोळ-धोपावे असो की जयगड-तवसाळ, ओहोटी असली की रॅम्पचा कोन बदलतो, पुढचं चाक वर चढलेलं, मागचं अजून खाली, आणि मध्ये गाडीचं पोट टेकायला येतं. क्लिअरन्स कमी असेल तर तिरकं आणि हळू चढवायचं. ओल्या लोखंडी पत्र्यावर दोन्ही पाय सपाट टेकवून गाडी सांभाळताना मात्र देवाने उंची दिली त्याचं बरं वाटतं.

वाऱ्याचं सांगायचं राहिलं. विंडस्क्रीन मध्यम उंचीच्या माणसाला धरून बनवतात. आपल्याकडे काय होतं, काच जिथे संपते तिथून निघालेला वारा नेमका हेल्मेटच्या हनुवटीवर आदळतो आणि डोकं थडथड हलतं, आरे-वारेच्या बाजूला समुद्रावरून वारा असला की अजूनच. तपासायचं असं, ६०-७० च्या वेगाला, रस्ता मोकळा असताना, मान दोन-तीन इंच खाली घाला. आवाज एकदम थांबला तर काच तुमच्यासाठी तेवढीच आखूड आहे. मग एक तर उंच काच बसवा नाहीतर काच काढूनच टाका, छातीवर सरळ वारा आला तरी तो स्वच्छ असतो, डोकं हलवत नाही. पावसाळ्यात आपण काचेच्या वरून बघतो ते चांगलंच, पाण्याने भरलेल्या काचेतून बघणाऱ्यांची दैना बघा.

सेकंडहँड घेणार असाल तर रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्ड ३५० अजून बऱ्याच फिरतात, २०२० मध्ये बंद झाली, तिची बैठक उंच माणसाला ठीक बसते. पण किनाऱ्यावरची गाडी विकत घेताना आधी गंज. टॉर्च घेऊन जा आणि मडगार्डच्या आतली बाजू, चाकाच्या तारांची मुळं, सायलेन्सरचा खालचा जोड, टाकीचं झाकण उघडून आत, एवढं बघा. क्रूझरला क्रोम जास्त आणि खाऱ्या हवेला क्रोम आवडतं. मालक म्हणेल रोज कव्हर घालतो, प्लॅस्टिकच्या कव्हरखाली दमट हवा कोंडून गंज उलट लवकर धरतो. मिऱ्याच्या, मालवणच्या किनाऱ्यालगतच्या गाडीपेक्षा साखरपा, कणकवली अशा आतल्या गावची गाडी मिळाली तर ती घ्या.

गाडी ठरली तरी ती तुमच्या मापाला आणायची बाकी असते. कंपनीच्या अॅक्सेसरीमध्ये टुरिंग सीट असते, फोम जाड असला की दोन-तीन सेंमी मिळतात आणि उंच माणसाला तेवढे खूप होतात. रस्त्याकडेच्या सीटवाल्याकडून फोम भरून घेताना खोलगटपणा मागच्या बाजूने कमी करून घ्या, म्हणजे मागे सरकायला जागा होते, नुसती उंची वाढवून काही होत नाही. लेगगार्डवर जास्तीचे पेग लावतात, हायवेला पाय बदलायला बरे, पण तिथे पाय असताना मागचा ब्रेक लांब राहतो, त्यामुळे गावातून जाताना पाय परत जागेवर. हँडल वर उचलणारं रायझर लावलं तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून क्लच केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना ते बघूनच पैसे द्या. कंपनीच्या यादीतलं असेल तर बिलातच चढवून घ्या, वॉरंटीची कटकट कमी.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळ झाला की लगेच फोटो काढून पळू नका. मेकॅनिकला सांगा, हँडल क्लॅम्पमध्ये थोडं फिरवून द्या, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर मनगट सरळ राहील असे खाली करा, गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकची उंची माझ्या बुटाला लावा. बूट घालूनच जा, पावसाळ्यात घालता तेच. पाना दहा मिनिटं फिरतो, ह्याचे कोणी पैसे घेत नाही. आरशात स्वतःची कोपरंच दिसत असतील तर आरशाचे एक्स्टेंडर मिळतात तेही तेव्हाच लावून घ्या. मी हे सगळं पहिल्या सर्व्हिसला करू म्हणून सोडलं होतं, पाचशे किलोमीटर उजवं मनगट दुखत राहिलं आणि मी गाडीला शिव्या घालत होतो, शेवटी निघालं काय तर ब्रेकचा लिव्हर एक बोट वर होता.